वाकलेल्या पाठीची खोळ

“वास येत होता म्हणून धुतली, आई. खराब करावी म्हणून त नाई धुतली.”

“वास येणारच. किती वर्षांचं मेण मुरलं आहे तिच्यात. तो वास होता म्हणूनच पाणी आत येत नव्हतं.”

“मले काय माहीत? मी समजली, जुनं पोतं आहे.”

“नाव खुशबू ठेवलं तुह्या मायबापानं, म्हणून का घरादारातला सारा वास पुसत फिरशील?”

अंगणातल्या तारेवर खोळ लटकत होती आणि तिच्या दोन बाजूंना सासू-सून उभ्या होत्या. डोक्यापासून गुडघ्याच्या मागपर्यंत येणारी, पुढून उघडी, जाड सुती ताडपत्रीची खोळ. कालपर्यंत ती काळपट होती आणि काठीवर टाकली तर काठीसारखीच ताठ राहायची. आज ती मातकट पांढरी झाली होती, जुन्या चादरीसारखी लुळी पडली होती, आणि पाठीवर मधोमध आडवी फाटली होती. सुनेने ती वॉशिंग मशीनमध्ये पावडर टाकून फिरवली, मग सुकवायच्या भांड्यात कोंबली, आणि तिथे तिने पीळ खाल्ला.

कमलाबाईने लोटाभर पाणी घेतले आणि खोळीवर ओतले. चाळणीतून यावे तसे ते पलीकडे आले आणि खुशबूच्या पायांवर पडले.

“पाह्यलं?” कमलाबाई म्हणाली.

“फाटली त फाटली,” वरून आवाज आला. कमलाबाईचा नवरा खुशाल गोठ्याच्या छपरावर बसून वानरांनी फोडलेली मातीची कवेलू बदलत होता. “बरंच झालं. आता यंदा रोवणी नाई. आपण ठरवलंच होतं.”

“ठरवलं होतं ते वेगळं होतं.”

“पाठ ओली झाली की रोवणी बंद, असं ठरलं होतं. तुह्या भावासमोर ठरलं. आता खोळच नाई म्हटल्यावर पाठ कोरडी राहते कशी?”

कमलाबाईने लोटा पालथा घातला. उत्तर सापडले नाही की ती भांडे पालथे घालते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात धान रोवणाऱ्या बायकांच्या टोळ्या पुष्कळ आहेत. कमलाबाईची टोळी त्यांतली मोठी नाही, पण शेतकरी तिला आधी विचारतात, कारण तिच्या बायकांची ओळ वाकडी जात नाही आणि दुपारनंतर हात मंदावत नाहीत. याचे कारण कमलाबाई मधोमध असते. रोवणारी बाई चिखलात मागे मागे सरकते. कमलाबाई मागे न पाहता सरकते आणि धुऱ्यापाशी, शेताच्या बांधाशी, बरोबर थांबते. गाणे तीच उचलते, मालकाशी तीच बोलते, आणि कोणाच्या पेंढीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, कमी आले तर तिच्या हाताला ते आधी कळते. गेली वीस-बावीस वर्षे जुलै लागला की घरातली कमलाबाई वेगळी होते. जेवताना पाय हलत राहतात. आभाळाकडे पाहताना चेहऱ्यावर असे काही येते की पाहणाऱ्याला वाटावे, हिला कोणी माहेराहून न्यायला येणार आहे.

माहेर तिचे मार्कंड्याच्या बाजूचे. बाप पोचू लाकडाच्या डेपोत चौकीदार होता. खोळ त्याची. ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीतून त्याने ती अखंड कापली, वर टोपीसारखी दुमडून शिवली, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी मेण आणि जवसाचे तेल चोळून तो ती पावसासाठी तयार करी. तो गेला तेव्हा भावांनी सायकल घेतली, घड्याळ घेतले. कमलाबाई म्हणाली, मले खोळ पाहिजे. भावांना ती चेष्टा वाटली.

गेल्या वर्षी मात्र एका दिवशी खोळ तिच्या अंगावर नव्हती. टोळीत धानोऱ्याकडून येणाऱ्या मंगलीची सून नुकती बाळंत झालेली, अंगावर पिणारे लेकरू झाडाखाली झोपवून रोवणीला आलेली. पाऊस चढला तशी कमलाबाईने खोळ काढून तिच्या पाठीवर टाकली आणि स्वतः खताच्या थैलीचे प्लास्टिक घेतले. ते वाऱ्याने उडत राहिले. आठवडा झाला नाही तोच कमलाबाई ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होती, छातीत न्यूमोनिया. मुलगा अश्वजित तिच्या खाटेशी स्टूलावर बसून असे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस आहे, बोलतो कमी. घरी आणल्यावर एवढेच म्हणाला, “आई, बस झालं.” डॉक्टरांनी पाठ-छाती ओली होऊ देऊ नका असे सांगितले होते. त्यावरून वाद झाला, कमलाबाईचा भाऊ मध्ये पडला, आणि ती अट ठरली. पाठ कोरडी राहिली तर रोवणी. ओली झाली की त्याच दिवशी घरी, पुन्हा नाव काढायचे नाही.

अश्वजितने रेनकोटही आणून दिला होता, निळा, चकचकीत. कमलाबाईने तो घालून परसात अर्धा दिवस भाजीचे वाफे केले. आत घामाचे तळे झाले आणि काखेत टरकला.

“दुकानातला कोट स्कूटरवर बसणाऱ्याचा असते,” ती म्हणाली. “माह्यासारखीचा नसते.”

आता सारे त्या खोळीवर अवलंबून होते, आणि खोळ धुतली जाऊन तारेवर लटकत होती.

दुसऱ्या दिवशी कमलाबाई धानोऱ्याच्या बसमध्ये बसली. पिशवीत लाखोळीची डाळ बांधून घेतली होती. घरात सांगितले, मंगलीला भेटून येते. मेणाचे नाव काढले नाही.

बाजारात मंगली वास्ते घेऊन बसली होती. बांबूचे कोवळे कोंब सोलून, चिरून, पानांवर ढीग लावलेले. शेजारी टोपलीत सात्या होत्या, रानातली पावसाळी अळंबी. कमलाबाईला पाहून ती उठली नाही, नुसती सरकली आणि पोत्यावर जागा केली.

“आली का बाई? मले वाटलं, तू आता घरातच बसणारी झाली.”

“कोण म्हणते?”

“तुहा पोरगा. आमच्या लोकेशले फोन केला त्यानं. म्हणे, आई यंदा येणार नाई, दुसरी टोळी पाहून घ्या.”

कमलाबाईने एक अळंबी उचलली, उलटी करून पाहिली, पुन्हा टोपलीत ठेवली. कानाची पाळी लाल झाली होती.

“मंग?” मंगली म्हणाली. “आमी बाया सांगून बसलो. त्या टोळीवाल्याले हो म्हणू का? तो माणूस काही आपल्याले आवडत नाई. बाया वाकल्या की हा धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहते आन् तिथून ओळ सांगते.”

“तुह्याजवळ मेण आहे?”

“मेणाचं काय काढलं?”

“खोळ धुतली सुनेनं. पावडर टाकून.”

मंगलीने तोंडावर पदर घेतला. ती हसत होती. “अन् तुनं सुनेले काय केलं?”

“काही नाई केलं. तिच्या नावावरून बोलली. आहे का मेण?”

मंगलीने मागच्या बोचक्यातून गुळाच्या भेलीसारखा काळसर गोळा काढला. त्यात मधमाशीचे पंख अडकले होते आणि तो हातात घेताच ऊब लागल्यासारखा मऊ होत होता. कमलाबाईने तो नाकाशी नेला. डेपो, बाप, ओल्या सागाचा भुसा, सारे एकदम आले. तिने पिशवीतली डाळ मंगलीच्या टोपलीत ओतली. दोघींपैकी कोणीही तोलून पाहिले नाही.

“शुक्रवारी सकाळी बाया घेऊन जीपनं ये,” कमलाबाई म्हणाली. “मी फाट्यावर खोळ घेऊन उभी दिसली त उतर. नाई दिसली त पुढं निघून जा, त्या छत्रीवाल्याकडं.”

“उभी राहशील?”

“पाहू.”

“पाहू म्हणू नको बाई. तू पाहू म्हणते तवा मले लय भेव वाटते.”

परतीच्या बसमध्ये कमलाबाईने गोळा मांडीवर धरला होता. आरमोरीच्या पुढे पावसाची सर आली, खिडकीची काच वर होईना, तेव्हा तिने आधी पदर त्या गोळ्यावर ओढला.

घरी पोहोचली तेव्हा अश्वजित अंगणात होता. “लोकेशले फोन करायचा होता त माह्यासमोर करायचा,” ती म्हणाली, आणि पुढे गेली. तो मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत आला.

“दवाखान्यात तुले श्वास घेता येत नव्हता. तू नाई पाह्यलं, मी पाह्यलं.”

“हाव. म्हणून त कोरडी राहायचं म्हणून राह्यली.” तिने गोळा ओट्यावर ठेवला. “मदत करशील का नुसता पाहशील?”

अश्वजितने गोळ्याकडे पाहिले, मग आईकडे. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

आधी पावडर काढायची होती. साबण कापडात राहिला तर वरून कितीही मेण लावा, पाणी वाट काढतेच, हे कमलाबाईला बापाकडून माहीत होते. खुशबूने खोळ बोअरवेलच्या हापशावर नेली आणि फेस यायचा थांबेपर्यंत खळबळत राहिली. तिने हे न सांगता केले. ओल्या खोळीचे वजन पेलत ती परत आली तेव्हा तिचे खांदे भिजले होते.

“फाटली ते मी शिवून देते,” ती म्हणाली. शिवणाचा क्लास तिने ब्रह्मपुरीत केला होता, मशीनही माहेरून आणली होती. “नुसतं जोडलं त टिकणार नाई. एकावर एक चढवून दोन शिलाया मारा लागतील.”

“वरचा भाग वरती घे,” कमलाबाई म्हणाली. “मानेकडचा वर, कमरेकडचा खाली. पाणी वरून खाली येते.”

“रेनकोटले तसंच असते,” खुशबू म्हणाली.

दोघींचे पहिल्यांदा एकमत झाले होते. जाड सुई दोनदा मोडली, पण शिलाई अशी सरळ बसली की कमलाबाईने तिच्यावरून अंगठा फिरवून पाहिला. तिच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळ.

दिवसभर खोळ वाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले. पावसाळ्यातले ऊन, कधी जाईल नेम नाही. कमलाबाई घाईघाईने उठली. मोठ्या गंजात पाणी उकळत ठेवले, त्यात डबा ठेवला, डब्यात मेण. सरळ आचेवर मेण ठेवायचे नसते, भडकते. मेण पातळ झाले तसे तिने फडक्यातून गाळले, पंख आणि कचरा वर राहिला, आणि मग थोडे जवसाचे तेल घातले. थेंब ताटलीवर टाकून पाहिला. बोटाने दाबला, वाकला, तुटला नाही.

“झालं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम तरणा झाला. “अश्वजित, खोळ टिनावर टाक, तापू दे. खुशबू, चिंध्या आण. इस्त्री कुठं आहे?”

इस्त्रीचे नाव निघाले तशी खुशबू थांबली. ती तिची नवी इस्त्री होती. तिच्या खालच्या पत्र्यावर मेणाचा डाग म्हणजे पुढे प्रत्येक शर्टावर तो डाग. ती आत गेली. कमलाबाई दाराकडे पाहत राहिली. खुशबू इस्त्री घेऊन आली, सोबत जुनी वर्तमानपत्रेही. “कागद मध्ये ठेवून फिरवा लागते,” ती म्हणाली. “मोबाईलवर पाह्यलं मी.”

मग तिघांनीही चोळले. तापलेल्या ताडपत्रीवर मेणात बुडवलेली चिंधी फिरवली की पांढरेपण सरकत जाई आणि मागे काळसर, ओलसर चमक येई. मेण थंड होऊन वर थर धरी तेव्हा कागद ठेवून खुशबू इस्त्री फिरवी. कागद उचलला की थर गायब, कापडाने पिऊन टाकलेला. “अजून घेते,” ती म्हणे, “आई, अजून घेते हे.” नाकावर पदर गुंडाळलेला होता, पण ती उठून गेली नाही. अंगणभर मध, जवस आणि तापलेल्या कापडाचा वास भरला होता. छपरावरून खुशाल खोकला.

“घरात आग लावून राह्यले का?”

“तुमी कवेलू पाहा,” कमलाबाई म्हणाली.

“वर्षावासात भंतेजीसुद्धा एका जागी बसतात. पावसात हिंडत नाईत. तुले काऊन बसवत नाई?”

“भंतेजीले पऱ्हे रोवा लागत नाई.”

खुशबू खुदकन हसली. अश्वजितने वापरलेल्या चिंध्यांचा गोळा करून वाळल्या तणसीच्या ढिगावर टाकला. कमलाबाईने तो धावत जाऊन उचलला आणि एकेक चिंधी तारेवर वेगळी पसरली. “जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून ठेवत नसते, बापा. आपोआप तापते. डेपोत एकदा अशाच गोळ्यातून धूर निघाला होता, बाबा पाण्याची बादली घेऊन धावला होता.”

दुपारपर्यंत खोळ पुन्हा काळी झाली. काळी आणि ताठ. कमलाबाईने ती टोपीकडून तारेला अडकवली, स्वतः तिच्या आत जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, “टाक.”

खुशबूने बादली उचलली. पाणी पडले आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून धावावे तसे थेंब होऊन धावत खाली गेले. अश्वजितने दुसरी बादली टाकली. मग तिसरी. आतून कमलाबाईचा आवाज येत होता, “नाई. काही नाई. टाका अजून. कोरडं आहे, हाडासारखं कोरडं आहे.” खुशबू आत डोकावली, हात फिरवला, आणि “एक थेंब नाई, आई” म्हणताना तिने सासूचा खांदा धरला. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती, असा खांदा तिने याआधी धरला नव्हता.

कमलाबाई बाहेर आली ती थांबेचना. खोळ तारेवरून काढली, डोक्यावर घेतली, पुढच्या दोऱ्या कमरेला बांधल्या. परसातल्या रोपवाटिकेतून पऱ्ह्यांची एक पेंढी उपटून आणली आणि अंगणातल्या चिखलात वाकली. “अशी ओळ जाते पाहा,” ती म्हणाली, आणि दोन-तीन चिमट्या रोवून मागे सरकली. “टाक ना खुशबू, पाणी टाक, पाऊस आहे समज.”

खुशबूने बादली ओतली.

कमलाबाई रोवत होती, मागे सरकत होती, आणि मग तिचा हात थांबला. ती सरळ झाली. तिने खोळ काढली. ब्लाउजवर मानेखाली, खांद्याच्या दोन हाडांच्या मध्ये, आडवी ओली पट्टी होती. शिलाई जिथे होती बरोबर तिथे.

छपराच्या कडेवरून खुशाल पाहत होता.

“झालं,” तो म्हणाला. जिंकल्यासारखे नाही म्हणाला, पण म्हणाला. “पाठ ओली.”

अश्वजितने बादली उचलून आत नेली. कमलाबाई पायरीवर बसली. खोळ तिच्या मांडीवर होती. ती शिलाईला बोट लावून पाहत होती, पुन्हा पुन्हा, शाळेतल्या मुलाने चुकलेल्या गणिताकडे पाहावे तशी. उद्या शुक्रवार. फाट्यावर मंगली जीपच्या खिडकीतून मान काढून पाहील आणि जीप पुढे जाईल. पुढे छत्रीवाला. एक वर्ष टोळी दुसऱ्याकडे गेली की ती परत येत नाही, हे सांगायला कोणी लागत नव्हते. आणि अट तर भावासमोर ठरली होती.

“मी नीट शिवली होती,” खुशबू हळू म्हणाली.

“नीटच शिवली. मीच सांगितली तशी शिवली.”

वर खुशाल कवेलू बसवत होता. एक ठेवले, दुसरे ठेवले. तिसरे हातात घेऊन तो थांबला. ते कवेलू त्याने उलटेसुलटे केले. खाली अंगणात पाहिले, पुन्हा कवेलूकडे पाहिले. तोंडात काहीतरी पुटपुटला. या माणसाने आपल्या गावात आणि आजूबाजूच्या गावांत निम्म्या घरांची छपरे नव्याने फेरली आहेत. कोणाच्या पडवीत जेवायला बसला तरी वर पाहतो आणि कुठे चुकीचे बसले आहे ते सांगितल्याशिवाय पाणी पीत नाही. बायकोने घरी बसावे असे त्याला मनापासून वाटत होते. पण चुकीचे छप्पर त्याच्याने पाहवत नव्हते.

तो शिडीवरून उतरला. कवेलू हातात होते.

“घाल,” तो म्हणाला.

“कायले?”

“घाल म्हटलं ना. आन् वाक.”

कमलाबाईने खोळ घेतली आणि वाकली. खुशालने तिच्या कमरेवर हात ठेवला. “तू रोवते तवा कंबर वर असते, मान खाली. उतार कुठून कुठं आहे? कमरेकडून मानेकडं. पाणी असं जाते.” त्याने बोट कमरेवरून पाठीवर ओढत आणले आणि शिलाईपाशी आणून थांबवले. बोट कापडाच्या वरच्या थराखाली शिरले. “इथं तोंड उघडं आहे. मानेकडचं कापड वरती घेतलं तुमी, त्याचं तोंड कमरेकडं झालं. पाणी आलं की सरळ आत. मी कवेलू असे बसवले असते त तूच मले घराबाहेर काढलं असतं.”

खुशबू वाकून पाहत होती. “म्हणजे उलटं शिवायचं? कमरेकडचं वर?”

“कमरेकडचं वर, मानेकडचं खाली. मंग पाणी टोपीवरून जाते आन् नाकासमोर टपकते.”

“पण मंग उभी राहिली की आत येईल,” अश्वजित म्हणाला. तो दारात येऊन उभा होता.

कमलाबाई वाकलेलीच होती. ती वाकूनच म्हणाली, “उभी कोण राहते?”

आणि ती हसायला लागली. वाकलेली, डोक्यावर काळी ताठ खोळ, चिखलात पाय, आणि हसत होती. “बाबा चौकीदार होता, त्याले उभं राहा लागे. मी कवा उभी राहिली, सांगा ना. सकाळी उतरली की जेवणापर्यंत वाकलेली. धुऱ्यावर चालताना उलटी करून घेईन डोक्यावर, काय बिघडते?”

मग पुन्हा धांदल झाली. खुशबू शिलाई उसवायला बसली. दोरा तिने मेणाच्या उरलेल्या तुकड्यातून ओढून घेतला, हे मोबाईलवर नव्हते, तिला स्वतःलाच सुचले. अश्वजितने इस्त्री तापवली. खुशाल शिडीवर परत गेला नाही. कवेलू बाजूला ठेवून तो खुशबूच्या मशीनशेजारी उकिडवा बसला आणि “एक बोट अजून चढव, एक बोट अजून” म्हणत राहिला. शेवटी ती म्हणाली, “बाबा, तुमी शिवता का मी शिवू?” तेव्हा तो जरा मागे सरकला, पण उठला नाही.

शिलाईवर शेवटचे मेण फिरवून होते न होते तोच वैनगंगेच्या बाजूने आभाळ खाली आले आणि खरा पाऊस सुरू झाला. बादलीचा नव्हे. परसातली रोपवाटिका दिसेनाशी झाली असा.

कमलाबाईने खोळ घेतली आणि बाहेर पडली. परसाच्या कडेला त्यांची छोटी बांधी होती, धानाचे खाचर, चिखल केलेले. ती तिच्यात उतरली आणि रोवू लागली. बाकीचे तिघे पडवीत उभे राहिले. पावसात फक्त एक काळी पाठ दिसत होती, मागे मागे सरकणारी. पाणी कमरेवर पडे, पाठीवरून धावे, टोपीच्या टोकावरून धारेने खाली पडे. तिने ओळ धुऱ्यापर्यंत नेली, दुसरी सुरू केली. पावसाच्या आवाजातून गाणे ऐकू आले, आधी हळू, मग चांगले मोठे. खुशबूने आयुष्यात सासूला गाताना ऐकले नव्हते. टोळीतल्या बायकांनीच ऐकले होते.

दुसरी ओळ संपली तशी ती वर आली. पडवीत येऊन खुशालसमोर पाठ करून उभी राहिली. “पाहा.”

खुशालने हात धोतराला पुसून कोरडा केला, खोळ वर उचलली आणि तळवा तिच्या पाठीवर ठेवला. मानेखाली. दोन हाडांच्या मध्ये. कमरेपाशी. त्याने वेळ लावला.

“थोडी ओली आहे,” तो म्हणाला.

अश्वजित पुढे आला. त्याने स्वतःचा हात लावला. मग हात नाकाशी नेला.

“घाम आहे, बाबा,” तो म्हणाला.

“घाम बी ओलाच असते.”

“घाम माहा आहे,” कमलाबाई म्हणाली. “अट पावसाची होती.”

खुशालने मुलाकडे पाहिले. मुलाने मान खाली घातली, पण हसू लपले नाही. खुशालने खोळीची शिलाई बोटाने एकदा चाचपली, बरोबर बसली आहे याची खात्री केली, आणि “हं” म्हणून आत गेला.

जेवायला बसले तेव्हा पाऊस चालूच होता. खोळ पडवीच्या खुंटीला टांगली होती आणि तिचा वास घरभर होता. खुशबूने पदर नाकाला लावला नाही. कमलाबाईने सगळ्यांना वाढले, शेवटी स्वतःच्या ताटात भात घेतला, त्यावर वरण ओतले.

“मंगलीले फोन लाव,” ती अश्वजितला म्हणाली. “लोकेशच्या नंबरवर लाव. पहिला फोन तुनंच केला होता.”

त्याने डाव्या हाताने फोन काढला.

“उद्या सकाळी जीप येते. रोवणी सरेपर्यंत मी टोळीसंग जाणार. सकाळची भाजी खुशबू करन, भात अश्वजित लावन, भांडे तुमी घासान.” तिने खुशालकडे न पाहता भात कालवला. “आन् खोळ मीच टांगीन, मीच काढीन. धुवायच्या मशीनजवळ कोणी नेणार नाई.”